घाणीचं जवसाचं तेल

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही.

जळगावात माझं रंगाचं दुकान आहे. नातू झाला, तेव्हा शिरपूरहून व्याह्यांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात, मला आबा. शेती मुलाच्या हाती दिल्यापासून लाकूड कोरत बसायचे. नातवाला खुळखुळा करतोय, पोर तोंडात घालणारच, तर लाकडाला काय लावू — असं विचारत होते. मी खरं तेच सांगितलं. दुकानातलं डबल बॉइल्ड तेल नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात विषारी औषध घालतात. घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल घ्या. पातळ हात मारा, जास्तीचं फडक्याने पुसून काढा, पुरतं वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नका.

नानांनी अगदी तसंच केलं. घाई केली नाही. शिवणीच्या लाकडाचा तो खुळखुळा — गुळगुळीत, मधाच्या रंगाचा — बाळाने धरला तो सोडेचना. मी आणलेला चांदीचा खाली पडला, कुणी उचललासुद्धा नाही. सून येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, माझ्या वडिलांनी केलाय. तेल कुणी सुचवलं, हे कुणी विचारलं? या वयात मनात हेव्याची ठिणगी पडते? पडते.

एका दुपारी मी तो खुळखुळा नाकाशी नेला आणि सुनेला म्हणालो —

"याला डबल बॉइल्डचा वास येतोय. पोराच्या तोंडात नको."

कसलाही वास नव्हता.

तिने लगेच तो काढून घेतला. शंका का घ्यावी तिने? तेलातलं मला कळतं ना. बाळ रडरड रडलं. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, ते माझ्यापाशी शांत झालं — आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी तिने माझ्यासमोरच वडिलांना स्पीकरवर फोन केला. ते म्हणाले, घाणीवाल्याने भेसळ केली असेल, आता मला वासही कळत नाही. मी त्यांना काय सांगितलं होतं, त्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. ओळखलं असेल का त्यांनी? पुढे लाकडाला हात लावणं त्यांनी सोडलं, एवढं मला सुनेकडून कळलं.

पहिल्या वाढदिवसाला नाना आले. प्लास्टिकची मोटार होती, खोक्यात बंद. बाळाला देण्याआधी त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"दुकाननी शे, आबा. आते काही भ्याव नही."

मी खोकं उलटसुलट करून पाहिलं — आणि म्हणालो, चालेल.