पडद्याबाहेरचं लष्कर

आमच्या सासूबाई, वनमालाबाई, माधवगंजात पायी फिरण्यासाठी प्रसिद्ध होत्या. भाजी असो, डॉक्टर असो की हळदीकुंकू, त्या चालतच जायच्या. स्टेशनाजवळच्या पडावावरच्या टांगेवाल्यांनी त्यांना हाक मारायचंही सोडून दिलं होतं. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी लष्करातला, म्हणजे आमच्या या शहरातला, एकही रस्ता पायाखाली घातला नव्हता, हे मला आधी खरंच वाटेना.

पण होतं तसंच. मराठ्याचं घर, घरात गोषा. सूनबाई बाहेर पडायच्या त्या टांग्यातून, आणि टांग्याला चहूबाजूंनी पडदा. सगळं शहर त्यांना कानानं आणि नाकानं ठाऊक. सराफ्यातली हातोडीची टकटक, मग कढईतल्या कचोरीचा वास, मग छोट्या रेल्वेच्या रुळांवर बसणारा दणका. दणका बसला की ओळखायचं, स्टेशन जवळ आलं.

पुढे संस्थान गेलं, मध्य भारत आला, आणि तोही पुरता अंगवळणी पडायच्या आत मध्य प्रदेशात विरून गेला. राजधानी भोपाळला. महसूल खात्यातल्या फायली निघाल्या, आणि फायलींमागोमाग माझे सासरे जयसिंहराव. सत्तावन्नच्या एप्रिलात ते रजेवर घरी आले आणि म्हणाले, "क्वार्टर मिळतंय. आता सगळेच चला."

घरात मोठी मुलगी मधू. पुढचं वर्ष तिच्या मॅट्रिकचं. भोपाळच्या शाळेत जागा मिळेल याची खात्री कोणी देईना. आणि आबासाहेब, म्हणजे सासूबाईंचे सासरे संभाजीराव, संस्थानच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले, त्यांचं ठरलेलंच होतं. "नसेल मिळत शाळा तर राहू दे. स्थळं बघायला घेऊ."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मी म्हणते, मॅट्रिक होईपर्यंत आम्ही इथंच राहतो."

"आणि बाहेरचं कोण बघणार?" जयसिंहराव हसले. "आबांचे गुडघे बोलतात. रेशन, डॉक्टर, रात्रीबेरात्री स्टेशन?"

"मी बघेन."

"तुम्ही? समोरच्या देवळात जायचं तरी टांगा लागतो तुम्हाला!"

"मग बघा एकदा. रविवारी आपण सगळे स्टेशनापर्यंत पायी जाऊ. मी पुढे. कोणी काही सांगायचं नाही."

आबासाहेबांना ही गोष्ट भलतीच आवडली. वर्षानुवर्षं घोड्यावर गेली असली, तरी पैज म्हटली की ते अजून ताठ बसायचे. "सूनबाई हरल्या तर सगळे भोपाळला. कबूल?"

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. मधूचा चेहरा उतरला.

रविवारी धाकट्याला, म्हणजे माझ्या यजमानांना, शेजारच्या शांताताईंकडे ठेवलं आणि चौघं निघाली. ऊन सकाळीच चावायला लागलं होतं. बाड्यावरच्या मोठ्या चौकात ही गर्दी! फालसेवाला ओरडतोय, बेलाच्या सरबताच्या गाडीवर लाल फडकं ओलं करून टाकलेलं, मधेच एक बैल उभा, आणि त्याला वळसा घालून सायकली. सासूबाई पहिल्यांदाच हे सगळं उघड्यावर बघत होत्या. पण थांबल्या नाहीत. सराफा बरोबर आला, कचोरी बरोबर आली, इंदरगंजचा चौकही आला. मधू कुजबुजली, "आई, तू तर एकदम पक्की निघालीस!"

चौकापुढे सासूबाई न अडखळता उजवीकडे वळल्या. टांगा इथंच वळायचा. गल्ली अरुंद झाली, लिदीचा वास आला, आणि समोर आला पाण्याचा मोठा हौद. त्याला तोंडं लावून घोडे उभे, आणि सावलीत टांगेवाले विडी ओढत बसलेले.

आबासाहेबांनी हौदाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "सूनबाई, गाडी कितीची आहे?"

मधूला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. "आई, हे तर गलत आलो आपण!"

टांगेवाला दरवेळी इथं आधी घोड्याला पाणी पाजायचा आणि त्याच गल्लीतून परत जाऊन स्टेशनचा रस्ता धरायचा. पडद्याआड बसलेल्या सासूबाईंना तोच रस्ता वाटत आला होता.

"ठरलं मग," जयसिंहराव म्हणाले.

"काय ठरलं? स्टेशन कुठं आलंय अजून?" सासूबाई म्हणाल्या.

आबासाहेबांना राहवलं नाही. "चला, मी दाखवतो. इथून रिसाल्याचं मैदान, मैदान ओलांडलं की पडाव."

"काही सांगायचं नाही असं ठरलं होतं ना, आबासाहेब?"

"सांगत नाहीये. चालतोय." आणि ते चालू लागले.

मैदानाच्या जागी कुंपण होतं, कुंपणाआड नव्या सरकारी कचेरीच्या बराकी. आबासाहेब कुंपणाच्या कडेनं एकदा इकडे गेले, एकदा तिकडे. दोन्हीकडे रस्ता बंद. गुडघ्यामुळे ते लंगडू लागले. जयसिंहराव घाम पुसत म्हणाले, "आबा, कोणाला तरी विचारू या."

"आपल्या गावात रस्ता विचारायचा? मी? लोक काय म्हणतील!"

जयसिंहरावही त्यांच्या शेजारी कुंपणापाशी उभे राहिले. मुलगाच तो त्यांचा.

सासूबाईंनी क्षणभर दोघांकडे पाहिलं. मग पदर कपाळावरून मागे घेतला आणि सरळ एका भाजीवाल्यासमोर उभ्या राहिल्या. परक्या पुरुषाशी बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ. "भैया, टेसन किधर पड़ेगा?"

"पैदल जाओगी बाईसाब? इत्ती धूप में?"

"पैदल ही जाना है. रास्ता बताओ."

त्यानं सांगितलं. पुढच्या वळणावर त्यांनी एका शिंप्याला विचारलं, त्याच्या पुढे पाणपोईवरच्या म्हातारीला. म्हातारीनं सगळ्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं, आणि आबासाहेबांना चांगलं सुनावलं, "बहू के पीछे-पीछे चलो बाबा, पहुँच जाओगे."

छोट्या रेल्वेचे रूळ आले. सासूबाईंनी मधूचा हात धरून ते ओलांडले. स्टेशनाच्या ओसरीत आबासाहेब बाकावर बसले आणि त्यांनी जोडे काढले.

"रस्ता चुकलाच होता पण," जयसिंहरावांनी सुरुवात केली.

"चुकला," आबासाहेब म्हणाले. "माझाही चुकला. मी कुंपणापाशी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो, आणि तूही माझ्याबरोबर. गुडघ्याचं औषध संपलं तर कोणाला तरी विचारून आणेल असं माणूस घरात आहे, एवढं मला पुरे. तू जा भोपाळला. आम्ही मॅट्रिकनंतरचं बघू."

"आणि स्थळं?" मधूनं भीत भीत विचारलं.

"ते तुझ्या आईला विचार. विचारायची लाज तिला नाही."

दोन दिवसांनी जयसिंहरावांना गाडीत बसवून सासूबाई स्टेशनातून बाहेर आल्या. टांगेवाले पुढे झाले. त्यांनी मान हलवली आणि त्यातल्याच एकाला मधूच्या शाळेचा रस्ता विचारला.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या मागे, दाराकडे पाहिलं. "बरोबर कोण आलंय आपल्या?"

"कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "मधू पुढच्या वर्षी इथंच शिकणार आहे, एवढं सांगायला आले."