बाबांची शेवटची प्रार्थना

थोरल्या बहिणीच्या, रूथअक्काच्या मुलाने सावद्याहून केळी पाठवली. खोकं उघडताच पिकल्या केळ्यांचा वास घरभर झाला आणि मला जळगावच्या दवाखान्यातली ती दुपार आठवली.

बाबा दीपनगरला नोकरीला होते. आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांना मोठा मान होता. आम्हा सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना केल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. अक्काने सावद्याच्या हिंदू शेतकऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव मात्र त्यातून गेलं.

त्या दुपारी ती शेतातली केळी घेऊन आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"बाबा, मी रूथ."

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. धाप लागत होती, तरी त्यांनी आईचं, माझं, धाकट्याचं, अगदी नर्सचंसुद्धा नाव घेतलं. मग ते थांबले. आई पदर तोंडाशी धरून वाट पाहत होती.

"येशूच्या नावाने मागतो."

"आमेन," एकटी अक्का म्हणाली.

संध्याकाळी बाबा गेले. प्रार्थना करत गेले, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. तेव्हा मलाही अभिमान वाटायचा. आता वाटतं, नर्सचं नाव घेण्याइतका दम होता, तर पोटच्या पोरीचं घ्यायला काय झालं होतं?