सोनकांबळे सरांची पेन्सिल

सोनकांबळे सर कुणालाही ‘या, बसा’ म्हणत नसत. गिऱ्हाईक टेबलाशी आलं की आधी त्याच्या हातातलं गेमचं यंत्र काढून घ्यायचे, पडद्याचा उजेड पार खाली आणायचे, पांढरं पान उघडायचे आणि खिशातली पिवळी पेन्सिल त्या पडद्यापुढे झपाझप हलवायचे. मग मान वर करून असं बघायचे, जणू त्याने चोरीचा माल आणलाय. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच वैतागायची. उरलेल्यांना सर तोंडाने वैताग आणायचे.

हा माणूस मला आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण त्यासाठी त्या माणसानेही जिवंतपणी चार शब्द गोड बोललेले असावे लागतात. सर तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते आणि तिथला हजेरीपटाचा आवाज घेऊनच निवृत्त झाले. लातूरला कोचिंग क्लासच्या गल्लीत माझं दुकान आहे, हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्रांचं. तिथे डाव्या अंगाला त्यांनी टेबल टाकलं. विक्री माझी आणि दुरुस्ती त्यांची, असं ठरलं होतं. शहरातले निम्मे वायरमन त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे रस्त्यावरून जाणारा जो तो ‘जय भीम सर’, ‘नमस्कार सर’ करत जायचा. दुकान माझं असून मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

आमचं भांडण पडद्यावरून. जुन्या एलसीडी पडद्यात काचेमागे दिवा सतत जळत असतो, त्यामुळे त्यातलं काळं हे उन्हात विटलेल्या छत्रीसारखं दिसतं. नव्या ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो, आणि काळं असेल तिथे सरळ विझून जातो. पहिल्यांदा मी ओलेडवर गेम लावला तेव्हा एलसीडी वापरण्यात आपली इतकी वर्षं वाया गेली असं मला खरंच वाटलं. मी ओलेडच विकायचो. माल चांगला होता, रंग चांगले होते, आणि हे मी आजही म्हणतो.

सर काय म्हणायचे? “रंगाचं काय घेऊन बसलास? उजेड थिर हाय का बघ. कमी उजेडावर तुझं हे ओलेड डोळे मिचकावून ऱ्हायलंय. डोळा फसतो, डोस्कं फसत न्हाई.” हे ते दिवसातून चारदा म्हणायचे, तेही माझ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. मी म्हणायचो, सर, जगभर लोक घेतायत. ते म्हणायचे, सोसतंय त्यानं घ्यावं, न्हाई सोसत त्यानं गप जुनं वापरावं, आणि कुणाला सोसतं ते तू ठरवू नको.

ठरवायची त्यांची रीत म्हणजे स्टूल. नवीन पडदा घेणाऱ्याला ते उजेड कमी करून पंधरा मिनिटं स्टुलावर खेळायला बसवायचे. घड्याळ लावून. मग विचारायचे, “डोस्कं जड झालं का?” एकदा उन्हाळ्यात रेणापूरहून बँकेतला एक कारकून आला. ओलेड पसंत करून, पिशवीत भरा म्हणून उभा. सरांनी त्याला स्टुलावर बसवलं. पंधरा मिनिटांनी तो बिचारा म्हणाला, थोडं जड वाटतंय. झालं. सरांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि माझ्याच कपाटातलं जुनं एलसीडीचं यंत्र त्याच्या हातात दिलं. वर त्याला सुनावलं, “आठ घंटे बँकेत पडदा बघतो, आन् घरी जाऊन पुन्ना पडदाच? बायकोचं तोंड बघत जा जरा.” तो कारकून हसत गेला. मी मात्र जळून खाक झालो.

त्याच उन्हाळ्यात माझं डोकं दुखायला लागलं. लातूरचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. दुपारी एक ते चार शटर खाली. मी घरी जेवून, पडदे ओढून, कूलरपुढे आडवा होऊन खेळत बसायचो. डोळ्यांना त्रास नको म्हणून यंत्राचा उजेड सगळ्यात कमी. दुखणं वाढलं तसा उजेड आणखी कमी करत गेलो. दुकानात कपाळ दाबत बसलेला मी सरांना दिसणारच होतो. एक दिवस सहा-सात गिऱ्हाइकं असताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, “बालाजी, आधी सोताचं यंत्र बदल, मग लोकाला वीक.”

माझा तोल गेला. मी म्हणालो, “सर, जुन्या पडद्यांवर तुमचं पोट भरतंय, म्हणून तुम्ही नव्याची बदनामी करता. खोटं बोलून माझा धंदा बुडवताय. चोर तो चोर, वर शिरजोर.” गिऱ्हाइकांत त्यांचे दोन विद्यार्थी होते. सरांनी पेन्सिल खिशात ठेवली, सोल्डरिंगचं सामान पिशवीत भरलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी टेबल न्यायला टेम्पो आला. मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू.

डोकं काही थांबलं नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मग डॉक्टर म्हणाले, एकदा डोक्याचा फोटो काढून घेऊ. त्या यंत्रात आडवा पडलो तेव्हा धाकट्या मुलीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. फोटोत काही निघालं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती बसली. त्यातच माझं गेमचं यंत्र हातातून पडलं आणि त्याचं बटण गेलं. दुरुस्त करणारा माणूस मीच हाकललेला. खणात सरांचं एक जुनं एलसीडीचं यंत्र राहिलं होतं, कडेला चिकटपट्टी लावलेलं. विकायचा माल फोडायचा नव्हता, म्हणून नाइलाजाने तेच वापरायला लागलो.

चौथ्या दिवशी लक्षात आलं की आज डोकं दुखलं नाही. शटर अर्धं खाली ओढलं, दिवे बंद केले, आणि कपाटातलं नवंकोरं ओलेड काढून कमी उजेडावर त्याच्यापुढे सरांसारखी एक पेन्सिल हलवली. एका पेन्सिलीच्या सहा पेन्सिली दिसल्या, सुट्या सुट्या; उजेड खरंच लुकलुकत होता. सरांच्या यंत्रापुढे हलवली तर नुसता पुसट पट्टा. सहा वर्षं तो माणूस माझ्यापासून चार हातांवर हेच करत होता आणि मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला सरांचाच. नीट बोलून सांगता आलं नसतं का?

सर तोवर नांदेडला मुलीकडे राहायला गेले होते. किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी एसटीने गेलो. ते खाटेवर, पायाशी त्यांच्या पत्नी, काकू. मी खाटेजवळ वाकून हळू आवाजात म्हणालो, सर, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं.

सरांनी माझ्याकडे तसंच बघितलं, चोरीचा माल आणल्यासारखं. “शिव्या चारचौघात दिल्यास, आन् माफी कानात?” ते म्हणाले. “लातूरला बोल. दुकानासमोर. मी येतो.”

मी म्हणालो, बरं, दसऱ्याला बोलावतो. बाहेर पडलो आणि वाटेतच डोकं तापलं. मरायला टेकलाय, तरी हेका सोडत नाही! शिवाय दसरा-दिवाळीसाठी भरलेला ओलेडचा माल कपाटात होता. ऐन सणात दुकानासमोर उभं राहून मी काय सांगणार होतो? दसऱ्याला बोलावलं नाही. दिवाळी जाऊ दे म्हटलं. सरांचे दोन फोन आले. “कधी येऊ?” एवढंच. हालहवाल नाही, काही नाही. माफी मागणार मी आणि तगादा यांचा, म्हणून मी दुसऱ्यांदा फोनवर नीट बोललोही नाही.

दिवाळी झाली आणि सर गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लातूरच्या घरी होता. वंदना झाली, मग एकेक जण सरांबद्दल बोलायला उठला. मंडप भरलेला, आयटीआयच्या जुन्या पोरांनी तर मागे रस्ताही अडवलेला. मी उठलो. म्हणालो, सर फाटक्या तोंडाचे होते, माझ्याशी एकदाही गोड बोलले नाहीत. पण मी त्यांना खोटं बोलणारा म्हणालो होतो आणि ते खोटं बोलत नव्हते. डोकं माझं दुखत होतं, त्याचं कारण त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं नाही. चारशे लोकांपुढे बोललो. खाली बसलो तेव्हा खरं सांगतो, हलकं वाटलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

निघताना काकूंच्या पाया पडायला गेलो. त्यांनी मला खाली वाकू दिलं नाही.

“बरं बोललास,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याला इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला त्यांनी. बालाजी बोलवनार हाय, लातूरला जायचंय म्हनून. दिवाळी झाली तरी मला हात लावू दिला न्हाई त्याला. शेवटी त्योच घालून नेलं. खिशात पेन्सिल होती. ऱ्हाऊ दिली मी.”