राईदीदींच्या गावी कुठं जेवावं

सुट्टीवरून परत आलेल्या माणसाला राईदीदींनी ‘कुठं कुठं फिरलात’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘क्या खाया?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. एखादा उत्साहानं स्वित्झर्लंडचे फोटो दाखवायला लागला, की दोन-चार बर्फाची शिखरं त्या सहन करत आणि मग शांतपणे विचारत, ‘वो ठीक है, पर खाया क्या?’ त्यावर ‘तिथं एक छान इंडियन रेस्टॉरंट सापडलं’ असं उत्तर आलं, की राईदीदींच्या लेखी तो माणूस कुठंही गेलेलाच नसे.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या शिपिंग कंपनीत त्या अ‍ॅडमिन सांभाळत. मूळच्या कालिम्पाँगच्या. दुबईत येऊन वीसेक वर्षं झालेली. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलंच, तर ‘टाइम नहीं मिला’ एवढं सांगून त्या समोरच्याचे व्हिसाचे कागद मागत. ते कागद हमखास अपुरे असत, त्यामुळे विषय तिथंच मिटे. अंगानं बारीक, उंचीनं आमच्या झेरॉक्स मशीनपेक्षा थोड्याशाच जास्त, पण त्या ‘यल्ला’, म्हणजे ‘चला, आटपा’, म्हणाल्या की जबल अलीच्या गोदामातला सुपरवायझरसुद्धा फोनवर उठून उभा राहायचा. माझा नवरा महेश म्हणायचा, बाईंचं आडनाव राई आणि दरारा पर्वताएवढा. राईचा पर्वत म्हणतात तो हाच.

मला त्या ‘बहिनी’ म्हणत. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. ऑफिसातल्या मराठी पोरांना मात्र ते ‘वहिनी’ ऐकू येई. त्यामुळे अकाउंट्समधली मी बघता बघता सगळ्या मजल्याची वहिनी झाले, ती आजतागायत आहे.

आमची मैत्री जुळली ती एका वासामुळे. मोहरीचा पाला आंबवून, वाळवून ठेवतात, त्याला गुंद्रुक म्हणतात. राईदीदी हिवाळ्यात त्याचं पातळ सार डब्यात आणत. एकदा त्यांनी ते पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवलं आणि अर्ध्या ऑफिसनं गॅस गळतोय की काय म्हणून चौकशी केली. मी म्हटलं, दीदी, आमच्याकडं सुकट भाजली की अशीच चौकशी होते. त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. तेव्हापासून हवा बरी असली की आम्ही दोघी खाली तळ्याकाठच्या बाकावर डबे घेऊन जाऊ लागलो. तिथं वारा सगळ्यांच्या वासाला सारखाच न्याय द्यायचा.

आपली माणसं हिमालयात जातात तेव्हा टूरबरोबर स्वतःचा आचारी नेतात, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. म्हटलं, खरंच सांगते. कांचनजंगा समोर असतो आणि ताटात मटकीची उसळ, जिलबी आणि मठ्ठा असतो. राईदीदींनी डब्याचं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘पहाड मेरे गाँव का, और खाना आपके गाँव का? फिर पहाड का फोटो मँगवा लो, आना काहे को?’

म्हणूनच, शाळेच्या वसंताच्या सुट्टीत आम्ही कालिम्पाँगला जाणार असं ठरल्यावर त्यांनी माझा ताबाच घेतला. हॉटेल कुठलंही घ्या म्हणाल्या, झोपायचंच तर आहे. जेवण मात्र त्या ठरवणार. रोज दुपारी बाकावर एकेक धडा व्हायचा. ज्या दुकानाच्या मेनूकार्डावर फोटो असतील तिथं पाऊल टाकायचं नाही. लोणचं मागावं लागलं तर उठायचं. ते न मागता यायला हवं. मोमो दिवसभर खात सुटायचं नाही, तो संध्याकाळचा पदार्थ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डाळभात सकाळी दहाच्या सुमाराला खायचा. त्यांच्याकडं तेव्हाच मुख्य जेवण होतं. दुपारी उशिरा गेलात तर उरलेलं मिळेल, वर ‘नेपाळी जेवण काही खास नाही’ असं म्हणत परत याल, आणि ते मला इथं ऐकून घ्यावं लागेल, असं त्या बजावत.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. त्यांच्या आईचं, आमाचं, कालिम्पाँगला छोटं खाजाघर आहे, म्हणजे चहा-फराळाचं आणि साध्या जेवणाचं दुकान, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्याच दुकानावर भावंडांची शिक्षणं झालेली. त्याचं नाव मात्र एकाही धड्यात आलं नाही. शेवटच्या दिवशी मी विचारलंच.

त्यांनी डबा बंद केला. सिलिगुडीला राहणारा भाऊ काही महिन्यांपासून फोन करत होता. आमाच्या हाताची चव गेली, गिऱ्हाईकं तुटली, दुकान बंद करू या, असं त्याचं म्हणणं. आमाला व्हिडिओ कॉल केला की ती कॅमेरा भरल्या पातेल्यांवरून फिरवायची आणि सगळं झकास आहे म्हणायची. भावाला ती जागा विकायची आहे म्हणून तो असं बोलतो, असाही राईदीदींना संशय होता. कधी भाऊ खरा वाटे, कधी आमा.

‘तुम जाके खाओ,’ त्या म्हणाल्या. ‘वापस आके अच्छा था मत बोलना, बहिनी. अच्छा था सब बोलते हैं. जैसा था वैसा बोलना.’

एवढ्या मोठ्या कामगिरीवर मी याआधी कधी जेवायला गेले नव्हते.

मुंबईला उतरून आम्ही माझ्या सासूबाईंना बरोबर घेतलं. त्यांनी दशम्या, चटणी आणि चिवडा इतका घेतला होता की बागडोगरा विमानतळावर महेशनं ते सामान ‘आईचा आचारी’ म्हणून उचललं. पण तीस्तेच्या काठानं वर चढताना ड्रायव्हरनं त्याच्या नेहमीच्या टपरीवर गाडी थांबवली, तिथं तिळाचं लोणचं न मागता आलं, आणि सासूबाईंनी दशम्यांची पिशवी जी पायाशी सरकवली ती परत येईपर्यंत वर काढली नाही. कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचं ढिंडो त्यांना इतकं आवडलं की ‘ही आपली उकडच की, नाव तेवढं पहाडी’ असं म्हणून त्यांनी ते दोनदा मागवलं. महेशचा जीव फक्त एका गोष्टीनं कासावीस व्हायचा. हॉटेलचा फुकट नाश्ता रोज सोडून आम्ही दहा वाजता भात खायला निघायचो. आमची लेक ईरा गोल लाल डल्ले मिरची चॉकलेटसारखी तोंडात टाकून ‘आय कॅन हँडल इट’ म्हणाली आणि पुढचा अर्धा तास काहीच म्हणाली नाही.

आमाच्या दुकानात आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. बाजाराच्या खालच्या उतारावर तीन टेबलांची जागा, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, गल्ल्यामागं हिरव्या पोतेच्या, म्हणजे बारीक काचमण्यांच्या, माळा घातलेली लख्ख म्हातारी. गिऱ्हाईक म्हणून जायचं, ओळख द्यायची नाही, असं ठरलं होतं. ते ईरानं बसायच्या आतच मोडलं. ‘वी नो युअर डॉटर,’ ती म्हणाली. ‘डॉटर’ हा शब्द आमाला कळला. तिनं ईराचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मोडक्या हिंदीत आमची सगळ्यांची विचारपूस केली आणि आत गेली.

ताटं आली. डाळ तोंडात घेतली आणि महेशनं माझ्याकडं पाहिलं. मीठ दोनदा पडलं होतं. बटाट्यात अजिबात नव्हतं. भाऊ खरं बोलत होता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागले. तेवढ्यात आमा बाहेर आली आणि तिनं हसून विचारलं, ‘भात खानुभयो?’ जेवलात का, म्हणजे. आपल्याकडंही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात तसं. आम्ही भरल्या ताटाकडं बोट दाखवलं. ती आत गेली, परत आली आणि पुन्हा तेच विचारलं, अगदी तसंच हसून, जणू आम्ही आत्ताच दारातून आलो होतो. मग ही मुलगी कोणाची, असं तिनं ईराकडं बघत विचारलं.

सासूबाई ताटावरून उठल्या. कुणाला काही न विचारता आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या एका शेगडीचं बटण बंद करत होत्या. वर काहीच नव्हतं, आणि ज्वाळा नुसतीच जळत होती. आमा ओशाळली. सासूबाई तिच्याशी चक्क मराठीत बोलल्या, ‘असू दे हो, होतं असं.’ मग कोपऱ्यात भिजवलेल्या तांदळाचं वाटलेलं पीठ दिसलं, त्याकडं बोट दाखवून हे कशाचं, असं त्यांनी खुणेनं विचारलं.

ते सेल रोटीचं पीठ होतं. आमानं कढई चढवली, मुठीत पीठ घेतलं आणि तेलात हात गोल फिरवत सोडलं. एकसारखं, बांगडीसारखं कडं. मग दुसरं, तिसरं. तिचा हात कुठंही अडखळला नाही. सासूबाई झारा घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि तळून झालेली कडी काढू लागल्या. एक मराठीत बोलत होती, एक नेपाळीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं. ती सेल रोटी बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ, बेताची गोड. तशी मी आजवर परत खाल्लेली नाही.

उतार चढून वर येताना सासूबाई म्हणाल्या, ‘चव गेलेली नाही गं तिची. घातलं की नाही घातलं, ते आठवत नाही. तिच्या मुलीला सांग, तिला एकटीला चुलीपाशी ठेवू नका.’

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीतून मी दुबईला फोन लावला. जसं होतं तसं सांगितलं. डाळ, बटाटे, पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न, मोकळी जळणारी शेगडी. सासूबाईंचा निरोप आणि शेवटची सेल रोटीही.

‘सेल रोटी कैसी थी?’ राईदीदींनी विचारलं.

मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास. एकही कडं वाकडं नव्हतं.

‘अच्छा,’ त्या म्हणाल्या. आणि मग, ‘तो अभी टाइम है.’

त्यांनी आधी आमाला दुबईला आणायचा प्रयत्न केला. आमानं साफ नकार दिला. दुकान कोण बघेल, म्हणाली. भावाशी राईदीदींचं फोनवर एकदा मोठं भांडण झालं आणि मग दोघंही रडले, असं त्यांनी मला बाकावर सांगितलं. संशय घेतल्याबद्दल त्यांनी त्याची माफी मागितली होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. बॉस म्हणाले, लाँग लीव्ह घ्या, जागा राखून ठेवतो. त्या म्हणाल्या, खलास, सर. आता राखून ठेवू नका.

निरोपाला ऑफिसनं मोठ्या प्रेमानं बिर्याणी मागवली होती. राईदीदींनी तिचा एक घास खाल्ला आणि भाषणाला उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या रहिवासाच्या मुदती कधी संपतात ते नीट लक्षात ठेवा, इथं आता कुणी ओरडायला नाही, असं सांगितलं. बिर्याणी कुठून मागवली ते विचारलं आणि तिथून परत मागवू नका, असंही बजावलं. सगळे हसले. लिफ्टपाशी मात्र त्यांनी माझा हात धरला तो दोन लिफ्ट येऊन गेल्या तरी सोडला नाही. विमानतळावर यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती, म्हणून मी गेले नाही.

आता दुबईतलं कुठलंही मराठी कुटुंब दार्जिलिंग-कालिम्पाँगला निघालं की कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं. मीही सकाळी दहाच्या डाळभातापासून सुरुवात करते. लोक आधी हसतात. काही जण आचाऱ्याची टूर रद्दही करतात. सगळ्यांना मी उतारावरच्या त्या तीन टेबलांच्या दुकानात पाठवते. डाळ, भात, मीठ आता राईदीदींच्या हातात आहे. आमा कढईपाशी बसून फक्त सेल रोटी करते. शेगडी लावायची आणि बंद करायची ती लेकीनं.

मागच्या आठवड्यात राईदीदींचा फोन आला. बोलता बोलता त्या काहीतरी चिरत होत्या. म्हणाल्या, हल्ली आमा कधी कधी मला ओळखत नाही. पण त्या पुढं हसतच सांगू लागल्या. परवा एका जुन्या गिऱ्हाईकानं आमाला विचारलं, ही कोण ठेवलीस नवीन? तर आमा त्याला म्हणाली, बाई चांगली मिळाली आहे, हिच्या आईनं हिला नीट शिकवलंय.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

‘क्या बोलती?’ राईदीदी म्हणाल्या. ‘मैंने बोला, हाँ. बहुत अच्छा सिखाया.’