आरशासारखा ओटा

गवंडीकामात माझं नाक जरा वरच होतं. धडगावच्या घाटातल्या मोऱ्या असोत की नंदुरबारातले बंगले, माझ्या घोटाईला कुणी नाव ठेवलेलं नाही. तेच नाक मला नडलं.

बापाची चिता भर पावसात उघड्यावर रचली होती. ती धड पेटलीच नाही. माय ते कधी विसरली नाही. गावात स्मशानाची शेड मंजूर झाली, चितेच्या ओट्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ती रोज विचारायची, "ओटा व्हयना का रे भाऊ?"

इंजिनीअर बाईंनी पांढऱ्या धाग्यांची पाकिटं आणून दिली. "मिस्तरी, हे काँक्रीटमध्ये मिसळा. आगीत धागा वितळतो, आतल्या वाफेला बाहेर यायला वाट मिळते. नाहीतर ओटा फुटेल."

मी हसलो. "म्याडम, जळणारा धागा घालून कुठे मजबुती येते का?"

तरी एक घमेलं कालवून पाहिलं. थापी फिरवली की वर केस उभे! दाढी वाढलेल्या गालासारखं दिसत होतं. हे माझं काम म्हणून लोक बघणार? हट्! पाकिटं शेडमागे फेकली आणि ओटा असा घोटला की त्यात तोंड दिसावं.

मायने त्यावरून हात फिरवला. "आरसासारखा शे रे! मन्हा नंबर आठेच लावजो. माले पाणीमा भिजाडू नको."

"इथे कसला नंबर लावतेस, गप गं," मी म्हटलं, पण आतून फुगलो होतो.

महिनाभरात ती गेली. ओटा अजून आतून ओलाच असणार. त्यावरची पहिली चिता तिचीच.

लाकडांनी चांगला पेट घेतला आणि फाडकन आवाज झाला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. कुणी म्हणालं, "कवटी फुटनी. पुण्यवान माय."

इतक्या लवकर कवटी फुटते का? आवाज खालून आला होता. ते मला एकट्याला कळलं. मग दुसरा आवाज, तिसरा. काँक्रीटच्या कपच्या उडायला लागल्या, लोक मागे पळाले, चिता एका अंगाला कलली आणि मायचा हात बाहेर आला. मी बांबूने लाकडं आत लोटत होतो आणि ओरडत होतो, "माय, थांब! ओ माय, थांब!" तिला थांब म्हणत होतो की ओट्याला, देव जाणे. शेवटी अर्धी चिता खाली मातीत उतरवावी लागली. नीट आग मिळावी, एवढंच तर तिने मागितलं होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला बसलो. हाडं पांढरी, कपच्याही भाजून पांढऱ्या. बोटांना काही उमगेना. शेजारी बसलेला चुलता वेचायची घाई करत म्हणाला, "येच ना भाऊ, ऊन चढी ऱ्हायनं."

ज्या तुकड्याची एक बाजू गुळगुळीत लागली तो माझा, एवढं ओळखता येत होतं. तेवढे बाजूला टाकले. बाकी सगळं मडक्यात भरलं आणि प्रकाशा तीर्थावर जाऊन तापीत सोडलं. त्यात माय किती होती आणि माझा ओटा किती, मला आजही माहीत नाही.