सासूबाईंचा ग्रीन टी

माझे मालक कुपवाडच्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यांत ओतायचं काम. मूल होईना म्हणून सांगलीला दोघांच्या तपासण्या केल्या. माझं सगळं ठीक निघालं. त्यांचे शुक्राणू कमी होते, होते तेही दुबळे.

"भट्टीची धग हेही कारण असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काम बदलता आलं तर बघा."

बाहेर येऊन ते गाडीवर बसले, पण गाडी सुरू करेनात. मग म्हणाले, "आईला काय सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. दोष माझाच, असं घरात धरलेलं होतं.

थोरले दीर फौजेत. सुट्टीवर येताना त्यांनी ग्रीन टी आणला. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, बायकांना गुण येतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. सासूबाई रोज सकाळी उपाशीपोटी मला तो द्यायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. माझ्या पोटात आग पडायची. पुढं चक्कर येऊ लागली. रक्त कमी भरलं. मी जेवणावरही तोच चहा पीत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि चहानं मूल होतं, असं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही."

त्याच महिन्यात भावकीत डोहाळजेवण होतं. मी ओटी भरायला उठले, तशा सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू नगं. मागं बस."

मालक तिथंच खुर्च्या मांडत होते. हातातली खुर्ची खाली ठेवून ते म्हणाले, "आई, तिच्यात काय न्हाई. माझ्यात हाय."

बायका पुन्हा ओटी भरू लागल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी मलाच विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग पीत का हुतीस?"

"आवं आत्ती, तुमी उभ्या राहायच्या म्हणून."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यानंतर त्या कुणाच्या बारशाला गेल्या नाहीत.

ह्यांना भट्टीवरून पॅकिंगला बदली मिळाली, पण बऱ्याच उशिरा. पुढच्या तपासणीत फारसा फरक नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या उपचारासाठी पुण्याच्या एका दवाखान्याचं नाव सुचवलं. आम्ही अजून गेलो नाही. विचारलं की ते "बघू" म्हणतात आणि कामावर जातात.