राखेतले वाल

बायको गेल्यानंतर दोन महिन्यांनी एका रविवारी मी पोटभर जेवलो. सांगण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे, पण ती कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. गावाच्या कडेला आमचं घर आणि घरामागे दहा-बारा गुंठे जमीन. कागदावर ती माझी असली तरी मी तिथे खुर्ची टाकून वाचण्यापलीकडे काही केलं नाही. जमीन कसायची ती. अनसिंगच्या, भाजीपाला पिकवून बाजारात नेणाऱ्या घरातली मुलगी. लग्नानंतर वर्षाच्या आत तिनं त्या पडीक तुकड्यात वांगी, मेथी, टमाटे उभे केले आणि काटेरी कुंपणावर वाल चढवला. तो वाल तिच्या माहेरचा. शेंगेच्या कडेला जांभळी रेघ, दाणा टपोरा. तिच्या आईला तो तिच्या आईकडून मिळाला होता. बाजारातल्या पुडीतलं बी तिनं कधी आणलं नाही. दरवर्षी चांगल्या शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, दाणे काढायचे आणि पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यायचे, असं सव्वीस वर्षं चाललं. मी हे पाहत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी तिथे असायचो, एवढंच.

शेवटच्या हिवाळ्यात ती आजारी होती. तरी अंगणात बाज टाकून तिनं शेंगा सोलल्याचं मला आठवतं. मी शेजारी बसून वाचत होतो. चैत्राच्या सुरुवातीला ती गेली.

त्यानंतर जेवण म्हणजे वेळेवर उरकायचं एक काम झालं. शाळेतून येताना पोळ्या आणायच्या, दुधात कुस्करायच्या. शेजारच्या काकू भाजीची वाटी द्यायच्या. ती धुऊन परत करताना भाजी कशाची होती हे मला सांगता आलं नसतं. माणसं म्हणत, खाल्लं पाहिजे सर. मी म्हणे, खातो.

मग तो रविवार. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. काकू लग्नाला पोहरादेवीकडे गेल्या होत्या आणि पोळ्यांचं दुकान बंद होतं. स्वयंपाकघरात शोधताना मागच्या फळीवर एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर राख. हात घातला तर राखेत वालाचे दाणे, दोन-अडीच ओंजळी. किडू नये म्हणून धान्यात काहीबाही घालतात हे मला वाचून माहीत होतं. दाणे चाळले, चार पाण्यांनी धुतले, गरम पाण्यात भिजत घातले, सोलले आणि दुपारी त्यांची उसळ केली. तिला करताना कधी पाहिलं होतं त्याच्या आधारावर फोडणी दिली, लसूण ठेचून टाकला, शेवटी गुळाचा खडा घातला. हात भाजला. मीठ दोनदा घातलं की काय या शंकेनं चव पाहिली, आणि तिथेच उभ्यानं चार चमचे खाल्ले.

खरं सांगायचं तर ती उसळ फार चांगली झाली होती. मी ताट घेऊन बसलो, दुसऱ्यांदा वाढून घेतली, कढई पोळीनं पुसली म्हणावं तर पोळी नव्हती, बोटानं पुसली. खाताना पुस्तक उघडलं नाही. जेवण झाल्यावर पाणी पिताना आपण काहीतरी गुणगुणत आहोत हे ध्यानात आलं आणि मी दचकून थांबलो. भिंतीवर तिचा फोटो होता. त्या दिवशी मी त्या भिंतीकडे पाठ करून बसलो. तिला जाऊन दोन महिने झाले होते आणि मी कढई चाटली होती.

दोन दिवसांनी काकू परतल्या. न्हाणीजवळ मी ओतलेली राख आणि वालाची सालं त्यांना दिसली. त्यांनी वाकून राख चिमटीत घेतली. मग म्हणाल्या, "सर, हे बी होतं ना?"

मी म्हणालो, डब्यात ठेवलेलं धान्य होतं.

"खायाच्या दान्याले आमी एरंडीचं तेल चोयतो. राख फक्त बियाले. इतकी वर्सं घरात राह्यले तुमी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या राख झाडूनं गोळा करू लागल्या. मी घरात जाऊन फळ्या, डबे, कोनाडे सगळं उपसून काढलं. वालाचा आणखी एकही दाणा नव्हता.

बायकोच्या आईचा फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. आदल्या वर्षी अनसिंगला रस्ता रुंद होताना त्यांचं कुंपण गेलं होतं आणि कुंपणाबरोबर वेल. त्यांच्याकडे बी उरलं नव्हतं. लेकीनं ठेवलं असेल, रविवारी कोणाला तरी पाठवते, ओंजळभर द्या, असं त्या म्हणाल्या. मी ग्रंथपाल माणूस, तीस वर्षांत हरवलेलं पुस्तक सापडलं असं कधी खोटं लिहिलं नाही. त्यांना मात्र मी लगेच, न अडखळता सांगितलं की बी पाहिलं होतं, त्याला कीड लागली होती, फेकून दिलं.

मग त्यांनी हळू विचारलं, "राख नोयती टाकली का तिनं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तेही इथे लिहून ठेवतो.

आठ-दहा दिवसांनी मेहुण्याचा, तिच्या भावाचा, दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, आईचं काही खरं नाही. सारखी एकच गोष्ट बोलते. पोरीच्या बियाला जन्मात कधी कीड लागली नाही, त्या पोरीला राख मिसळायचंही भान उरलं नाही, म्हणजे किती दुखत असेल तिला. आणि मी आपली मेथी विकत बसले, जाऊन राहिले नाही, म्हणते. जेवत नाही, म्हणाला तो. ताटावरून उठते.

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. बी खाल्लं ती चूक होती. पण त्यानंतर मी एका मेलेल्या बाईच्या हाताला बट्टा लावला होता, आणि तिच्या आईच्या घशातला घास काढून घेतला होता. मी मात्र पोटभर जेवलो होतो.

तरी लगेच गेलो नाही. पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे केले. तिन्हींत माझ्या दुःखाबद्दल पुष्कळ होतं आणि उसळीबद्दल एकच वाक्य, तेही कडेला. मसुदे फाडले आणि पुढच्या रविवारी वाशीममार्गे अनसिंगची बस धरली.

सासूबाई ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. अंगानं खूप वाळल्या होत्या. मला पाहून पदर सारखा केला, बसा म्हणाल्या, सुनेला चहा सांगितला. चहा यायच्या आत सांगितलं नाही तर आज सांगणारच नाही, हे मला ठाऊक होतं.

"आई, त्या बियाला कीड लागली नव्हती. राख होती. अर्धा डबा राखच होती. मी ते धुऊन, गूळ घालून उसळ करून खाल्ली."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे टाकली होती राख."

"हो."

"चाळून टाकली होती का? बारीक होती?"

"बारीक होती. एकही खडा नव्हता."

त्यांनी मनगटानं डोळे पुसले, मग नाक. एक जुडी बांधली. दुसरी उचलली आणि खाली ठेवली.

"मंग फोनवर तसं काहून सांगितलं मले?"

"लाज वाटली."

"खाल्ल्याची?"

मी म्हणालो, "आवडल्याची."

त्यांनी मांडीवरची पानं झटकली. मग म्हणाल्या, "तिच्या हातचं खायचे तवा त पुस्तकातून मान वर नोयते करत. ताटात काय हाय ते यायले इचारून पाहा म्हने ती. हासे. पन मले समजे." जुडी उचलत म्हणाल्या, "तिच्या मांगं आवडलं तुमाले."

सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. क्षमा वगैरे शब्द त्या घरात कोणी वापरत नाहीत आणि मीही मागितली नाही. त्यांनी माझ्यापुढे कोथिंबिरीचा ढीग सरकवला आणि बांधा म्हणाल्या. मी बांधलेल्या जुड्या ढिल्या होत होत्या. त्या एकेक सोडून पुन्हा बांधत होत्या, न बोलता.

थोड्या वेळानं शेजारच्या दोघी बायका भाजी तोलायला काटा मागायला आल्या. त्यांना पाहताच सासूबाई ताठ बसल्या आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अवो, पोरीनं बी चांगलं ठेवलं होतं, राखेत. म्या उगाच बोलत होती. हे जवाई बसले ना, यायनं खाऊन टाकलं."

एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "सारं?"

"सारं. वरून गूळ टाकून."

"बरं झालं वो," दुसरी म्हणाली, "वांग्याची रोपं नाही सापडली. तेबी फोडनीत गेली असती."

दोघी हसल्या. माझ्या सासूबाईही हसल्या, दात नसलेल्या बाजूला हात धरून, लेक गेल्यानंतर पहिल्यांदा, असं सुनेनं मला नंतर सांगितलं. मीही हसलो. बायका काटा घेऊन गेल्यावर सासूबाई आत पाहून म्हणाल्या, "भाकर टाक वो, दोघाईले वाढ." आणि माझ्या शेजारी बसून भाकर खाल्ली. सावकाश खाल्ली, पण पूर्ण.

परतीच्या बसमध्ये मला जड वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. बी तर गेलंच होतं. तीन पिढ्यांनी राखलेला वाल मी एका दुपारी संपवला, त्याला आता इलाज नाही. पुढे मालेगाव, रिसोड, जिथे जाईन तिथे बाजारात मी शेंगांच्या कडा पाहत फिरलो. जांभळी रेघ पुष्कळांना असते. सासूबाईंना नेऊन दाखवल्या की त्या दाणा दातानं फोडतात आणि नाही म्हणतात.

यंदा काकूंच्या मदतीनं मी बाजारातलं बी लावलं. वेल चढला, शेंगा आल्या, भाजी केली. चांगली लागते. अनसिंगला गेलो की सासूबाई विचारतात, काय खाल्लं, आणि आता मला सांगता येतं. कशात काय घातलं होतं, मीठ कमी की जास्त, तेही. सांगताना मध्येच वाटतं की हे सगळं जिला सांगायचं होतं ते माणूस दुसरंच होतं. मग त्या म्हणतात, "मंग, पुढं?" आणि मी पुढचं सांगतो.